बाईंच्या बाजूचा ब्रेक

गाडीत बसल्या की बाई आधी चपला काढायच्या. त्या सीटखाली सरकवायच्या, साडीच्या निऱ्या गुडघ्यांत आवळून धरायच्या आणि दोन्ही अनवाणी पाय समोरच्या दोन पेडलांवर ठेवायच्या. मग माझ्याकडं न बघता म्हणायच्या, "ब्रेक माझ्याकडं हाय. तू रस्ता बघ."

तुम्ही कर्जतला गाडी शिकला असाल, तर हे वाक्य तुमच्याही कानात असणार. शिकवायच्या गाडीला डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणाऱ्याची भंबेरी उडाली की शिकवणारा आपल्या बाजूनं गाडी थांबवतो. बाई तर भंबेरी उडायच्या आधीच थांबवायच्या. समोरून म्हैस येतेय हे मला दिसायच्या आत गाडी उभी असायची आणि मला वाटायचं, वा गं, काय छान थांबवली मी!

पहिल्या आठवड्यातच मी विचारलं होतं, "बाई, तुमच्या बाजूला ॲक्सिलेटर का नाही?"

"मला काय करायचाय? पुढं जायचं काम तुमचं."

एकोणीस वर्षं त्या हेच करत होत्या. चारफाट्यावरून निघायचं, भिवपुरीला पॉवर हाऊसच्या क्वार्टर्सपर्यंत जायचं, फाटकापाशी गाडी वळवायची आणि परत. दिवसातून आठ फेऱ्या. क्वार्टर्समधली कुत्रीसुद्धा गाडीचा आवाज ओळखायची, अंगावर यायची नाहीत. बाईंच्या उजव्या पायाची पोटरी डावीपेक्षा जाड झाली होती, ते त्या स्वतःच हसत हसत दाखवायच्या. रिक्षात बसल्या तरी ब्रेक असल्यासारखा पाय खाली दाबायच्या. एसटीत पुढच्या सीटवर त्यांना कुणी बसू द्यायचं नाही, कारण प्रत्येक वळणाला त्या "अगं आई" करून पाय आपटायच्या आणि ड्रायव्हर वैतागायचा. एका लग्नात वरातीचा घोडा बिथरला. सगळे पळाले आणि बाई खुर्चीतच बसून गालिच्यावर पाय रोवून राहिल्या. "घोडा थांबला की नाय?" असं वर आम्हालाच विचारलं.

ड्रायव्हिंग स्कूल त्यांच्या नवऱ्यानं काढलं होतं. तो लवकर गेला आणि स्कूल दिराच्या नावावर झालं. पण शिकवायचं सरकारी सर्टिफिकेट होतं ते बाईंचं. ते नसेल तर स्कूलला टाळंच लागायचं. ऑफिसच्या मागं दोन खोल्या, तिथं बाई आणि त्यांची सासू राहायच्या. भावजी वाईट माणूस नव्हते हो. चहा विचारायचे, सणाला साडी आणायचे. फक्त दिवसभर ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. आत-बाहेर करायचं तर प्रत्येक वेळी "भावजी, जरा सरका" म्हणावं लागायचं आणि मग ते विचारायचे, "कुठं निघालात वैनी?" घरातून भाजी आणायला निघालेल्या बाईला दिवसातून चारदा कुठं निघालात विचारलं, की तिला भाजीसुद्धा नकोशी होते.

आता माझं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, हिला एवढी घाई कसली होती.

आम्ही पोशीरचे. घरची भातशेती, थोड्या कोंबड्या, आणि अंडी-भाजी नेरळच्या बाजारात न्यायला एक जुनी व्हॅन. व्हॅन आप्पा चालवायचे. मी बारावीत असताना आप्पांना बांधावर फिट आली. मग दुसऱ्यांदा आली, ती अंगणात. कल्याणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाडी बंद. आप्पांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंड्यांचे ट्रे भरले.

"हळू चालवतो की," ते म्हणाले.

"फिटला काय हळू नि काय जोरात!" आई ओरडली.

"मग काय बैलगाडी आणू? घरात दुसरं लायसन आलं की चावी सोडतो. तोवर कोणी बोलायचं नाय."

चावी ते करदोट्याला बांधून ठेवायचे, झोपतानासुद्धा. त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून आई शेजारी बसून जायला लागली. पोशीर ते नेरळ, सगळा रस्ता हँडब्रेक मुठीत धरून. परत आली की तिची बोटं सरळ व्हायची नाहीत. मी त्यांना तेल लावायची आणि दिवस मोजायची. अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात लर्निंग काढलं. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत मी रस्त्याच्या सगळ्या खुणा बरोबर ओळखल्या, मैत्रिणींना पेढे दिले. मला वाटलं, एका महिन्यात चावी माझ्या हातात. लर्निंग सहा महिने चालतं, तेवढे लागतातच कोणाला!

तर ऐका.

आमच्याकडं टेस्ट कॅम्पात व्हायची. महिन्यातून ठरलेल्या मंगळवारी आरटीओचे साहेब तालुक्याला यायचे, मैदानात चुन्याच्या रेषा मारलेल्या असायच्या, आणि प्रत्येक स्कूलची पोरं आपापल्या गाडीपाशी रांगेत उभी. माझा नंबर आला. बाई शेजारी बसल्या. साहेब खिडकीत वाकून म्हणाले, "मॅडम, पाय वर घ्या." म्हणजे बाईंनी ब्रेक मारायचा नाही. बाईंनी सीटवर मांडी घातली, पूजेला बसल्यासारखी. मी गाडी काढली, वळवली, सगळं झकास. थांबायची रेषा आली. मी वाट बघितली. खरंच सांगते, मी गाडी थांबायची वाट बघत होते! रेषा गेली, पुढचं पिंप आलं, ते बोनेटवर घेऊन मी साहेबांच्या खुर्चीपर्यंत पोचले.

मैदान हसलं. बाई हसल्या नाहीत. ऑफिस आलं तेव्हा म्हणाल्या, "चूक माझी हाय. मी तुला थांबायला शिकवलंच नाय."

नंतरच्या कॅम्पात पावसानं मैदानाचं तळं केलं. त्याच्या पुढच्याला साहेबच आले नाहीत. पुढच्याला मीच तापानं फणफणले. दर मंगळवार संपला की आई नुसती हात पुढं करायची आणि मी तेल घ्यायची.

या दिवसांत बाईंनी एक गोष्ट केली, नियमात न बसणारी. क्वार्टर्सच्या आतल्या मोकळ्या गल्लीत गाडी उभी केली, उतरल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"बाई! आणि ब्रेक?"

"तुझ्याकडं हाय. चल."

आरशात मला त्या दिसायच्या. ओठात पदराचं टोक, दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर. एकदा कोंबडी आडवी आली, मी कचकन ब्रेक मारला आणि बाई माझ्या मानेवर आदळल्या. मला वाटलं, आता बसणार रट्टा. तर त्या रडत होत्या की हसत होत्या कोण जाणे. "थांबलीस गं पोरी, स्वतःची स्वतः थांबलीस," म्हणाल्या. जरा वेळानं आरशात बघून म्हणाल्या, "मागं बसलं की रस्ता वेगळाच दिसतो नाय? एवढ्या वर्षांत कधी बघितलाच नाय."

मग विचारलं, "तू घाट चढलीस का गं कधी? बोरघाट?"

"सहलीला गेले होते. का?"

"काय नाय. वळव गाडी."

शेवटचा कॅम्प मंगळवारी होता आणि माझं लर्निंग त्याच मंगळवारी संपत होतं. आज नाही तर नवं लर्निंग, पुन्हा महिना थांबा, पुन्हा रांग. आणि आदल्याच आठवड्यात आप्पांना तिसरी फिट आली होती. चूल पेटवता पेटवता. व्हॅनमध्ये नाही, चुलीपाशी, एवढंच नशीब. तरी त्या मंगळवारी पहाटे त्यांनी अंडी भरली आणि आई शेजारी जाऊन बसली.

मैदानात गेले तर गाडी भावजी घेऊन आले होते. बाई नाहीत.

"वैनी बहिणीकडं गेल्या, बारशाला," ते म्हणाले. त्यांनाही तेवढंच माहीत होतं. साहेबांनी कागद बघितले. "शिकवणारे कोण? सर्टिफिकेटवाल्या मॅडम कुठं आहेत? त्यांच्याशिवाय या गाडीवर टेस्ट नाही." आणि कागद बाजूला ठेवले.

मी बाईंना फोन लावला. हुंदके देतच म्हटलं, "बाई, कुठं आहात? तुमच्याशिवाय घेत नाहीत. आज संपतंय हो माझं."

तिकडून गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरचं "पुणे, पुणे" ऐकू येत होतं. बाईंनी विचारलं, "आप्पा आज गाडी घेऊन गेलाय का?"

"हो. आई पण आहे."

मला कंडक्टरची घंटी ऐकू आली.

"आले," म्हणाल्या. "मी खोपोलीत हाय. रडू नको, आले."

पाऊण तासानं टमटममधून उतरल्या. आबोली रंगाची इस्त्रीची साडी, केसांत गजरा, तोंडावर पावडर. एवढं नटलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी, चपटं. मला वाटलं, बहिणीनं दिलेला आहेर. साहेबांना त्यांनी टॉवेल जरासा उलगडून आतलं दाखवलं, साहेबांनी मान हलवली. मला बघायची शुद्ध नव्हती. बाई शेजारी बसल्या, न सांगता मांडी घातली, पिशवी मांडीवर घेतली. मी गाडी काढली, वळवली, मागं घेतली, आणि रेषा आली तेव्हा थांबले. मी थांबले. साहेबांनी सही केली.

त्या रात्री आप्पांनी करदोटा सोडला, चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली. जेवले मात्र नाहीत. लायसनचं कार्ड पोस्टानं येईपर्यंत व्हॅन अंगणातच उभी राहिली, अंडी डोक्यावर वाहून नेली. पुढं चौथी फिट आली ती ओट्यावर चहा पिताना, कप फुटला, बस. मी त्या फुटलेल्या कपाकडं बघत किती वेळ बसले होते. आज आप्पा आहेत, आईची बोटं सरळ आहेत, आणि मी आठवड्यातून दोनदा माल घेऊन घाट चढते. बाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. कावीळ झाली, अंगावर काढली. आदल्या आठवड्यापर्यंत भिवपुरीच्या फेऱ्या चालू होत्या. त्यांच्या मयताला मी व्हॅन घेऊन गेले होते, तिथं जमलेल्यांतले अर्धेअधिक त्यांच्याच हाताखाली शिकलेले. सगळे आपापली गाडी नीट लावून उभे होते.

पण त्या मंगळवारचं सगळं अजून सांगितलं नाही तुम्हाला. सांगायचं टाळतच होते म्हणा ना.

टेस्ट झाली, भावजी कागदपत्रांसाठी मैदानातच थांबले. बाई आणि मी ऑफिसात आलो. दारात खुर्ची होती, रिकामी. बाईंनी ती उचलून बाजूला ठेवली. मी आनंदानं बडबडत होते, पेढे कुठले आणू विचारत होते. बाई म्हणाल्या, "आधी ते स्टूल धर जरा. डुगडुगतं."

मी धरलं. त्या वर चढल्या, पिशवीतला टॉवेल सोडला. आत त्यांचं सर्टिफिकेट होतं, काचेच्या फ्रेममधलं. भिंतीवर त्याच्या जागी नुसता खिळा होता आणि रंग न उडालेला एक चौकोन. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात काहीतरी हललं. बारशाला सर्टिफिकेट कोण नेतं?

टेबलावर त्यांचा फोन वाजला.

"घे गं. माझे हात अडकलेत."

एका हातानं स्टूल धरून मी फोन घेतला. तळेगावहून कोणी बाई बोलत होत्या. आवाज मायाळू. "ताई, निघालात ना? साडेदहाला येणार होतात. इथं गाडी शिकायला पोरी जमल्यात, पहिला दिवस म्हणून. काही हरकत नाही, आम्ही दोनपर्यंत थांबतो. खोलीची चावी पण आणून ठेवलीय तुमच्यासाठी."

मी घड्याळ पाहिलं. पावणेबारा.

"बाई," मी म्हटलं, "तळेगावच्या आहेत. दोनपर्यंत थांबतायत. बाई, वेळ आहे अजून! ती फ्रेम द्या इकडं. मी तुम्हाला स्टँडवर सोडते, भावजी यायच्या आत. उतरा ना!"

बाई वरच उभ्या. फ्रेम दोन्ही हातांत, गजरा अर्धा सुटलेला.

"एसटीत बसले होते गं मी," त्या म्हणाल्या. "खिडकीपाशी. दोन महिने जीव गोळा करत होते, तेव्हा कुठं आज निघाले. आता परत नाय जमायचं."

"माझ्यामुळं, बाई. मी फोन केला नसता तर…"

"गप. आप्पा तुझा की माझा, काय फरक हाय? सांग त्यांना, येत नाय म्हणावं. माझ्याच्यानं बोलवणार नाय."

मी रडत होते आणि फोनवर ते कळू द्यायचं नव्हतं. "त्या येत नाहीत," मी सांगितलं. "म्हणजे… आता येणार नाहीत."

मग त्या म्हणाल्या, "असं होय. बोर्ड रंगवून ठेवला होता हो आम्ही. त्यांचं नाव घातलंय वर, मोठ्या अक्षरात. त्यांना सांगू नका, उगाच वाईट वाटेल." आणि फोन ठेवला.

बाईंनी फ्रेम खिळ्यात अडकवली. पदरानं काच पुसली, वाकडी आहे का म्हणून मान कलती करून पाहिली.

"काय म्हणाल्या गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "बरं म्हणाल्या."

"स्टूल नीट धर," बाई म्हणाल्या. "उतरते."