वांदराचा ओरखडा

बायकोले एड्स झाला हे कळलं तवा माझा पहिला संशय तिच्यावरच गेला. खोटं कायले लिहू? माझी तपासणी साफ निघाली होती. मंग तिले कुठून लागला? तोंडानं इचारलं नाई, पण चहा घेताना तिच्याकडे टक लावून पाहो. एक दिवस म्हणालीच, "इचारा ना एकदाचं. नुसतं पाहता काऊन?"

पवनारजवळ आमची वांग्याची वाडी. शनिवारी मारुतीच्या नावानं बायको वांदरायले भिजवलेले चणे टाके. एकदा एका वांदरानं तिच्या मनगटाले ओरखडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, हा रोग मुळात माकडांतून माणसात आला. झालं, मले गुन्हेगार सापडला. घरी येऊन गोफण घेतली अन् वांदरं हाकलली.

"माझ्यावरचा संशय उतरला, तर त्या गरिबायवर चढला काय?" बायको हसली.

पुढच्या खेपेले मी ओरखड्याचं सांगितलं.

"बाबा, ती माकडं आफ्रिकेतली, आपली नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही जातींच्या अंगात त्यांचा विषाणू जन्मभर फिरतो, तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. पेशीत शिरायला विषाणूला धरून उघडायला दाराची कडी लागते. अंगाची राखण करणाऱ्या त्यांच्या पेशींवर ती कडीच कमी असते. आपल्या पेशींवर भरपूर."

"वांदराले राखलं देवानं अन् आमाले नाई?" मले पटलं नाई. "मंग इले कुठून?"

त्यांनी जुने कागद चाळले. "पिशवीच्या ऑपरेशनला रक्त चढवलं होतं. कोणाचं?"

नव्वदीच्या सुरवातीची गोष्ट. तवाचे डॉक्टर म्हणाले होते, तुमचा गट जुळते, तुम्हीच द्या. मले वाटलं, रक्त देल्लं का माणूस कमजोर होते, अन् वांगी तोडणीवर आलती. मी एक रक्त विकणारा गाठून आणला.

"कोणाचं?" बाईनं परत इचारलं.

बायकोनं माझ्याकडे पाह्यलं. "आठवत नाई बाई," तीच बोलली. बाहेर आल्यावर म्हणाली, "चला, बस निघून जाईन."

दोन वर्षांनी ती गेली. माझ्या साफ रक्ताचा कागद अजून पेटीत आहे.

शनिवारी चणे आता मी टाकतो. वांदरं लवकर जवळ येत नाई. माझ्या हातात गोफण तर नाई, हे आधी पाहून घेतात. बरोबर आहे त्यायचं.