टेलरमामांनी धरलेली जागा

हुमनाबादच्या बसस्टँडवरून गेल्या तीस वर्षांत जेवढी म्हातारी माणसं गाडीत बसून गेली, त्यातली निम्मी तरी आमच्या टेलरमामांच्या कृपेने बसून गेली असं मी छातीठोकपणे सांगू शकते. उरलेली निम्मी उभी राहून गेली, आणि ती बहुधा मामांना सर्दीतापाने धरलं होतं म्हणून. मामा आमचे शेजारी. नात्याचे कुणीच नव्हेत, पण आई त्यांना अण्णा म्हणायची म्हणून ते माझे मामा. स्टँडच्या समोर त्यांचं शिलाईचं दुकान होतं, आणि स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं घर. त्यांच्या आणि आमच्या घरात भिंत एकच. तिकडे कुणी शिंकलं की इकडे आई ‘जपा हो’ म्हणायची, इतकी ती पातळ होती.

गाडी आली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पण लोक आपल्यासाठी धरतात, मामा परक्यांसाठी धरायचे. कापड बेतून उरलेल्या तुकड्यांचे त्यांनी रुमाल शिवले होते आणि प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात कोटाचं जाड बटण टाकलं होतं, म्हणजे रुमाल वाऱ्यावर भरकटत नाही, नेमका सीटवर पडतो. गाडी स्टँडात वळली की मामा हातातलं काम टाकून पळायचे. गळ्यात टेप, सदऱ्याला टोचलेल्या सुया, कानाला खडू. पटापट चार खिडक्यांतून चार रुमाल आत गेले की मग ते गर्दीकडे वळायचे आणि तीन भाषांत हाका मारायचे. “अव्वा, इल्ली बर्री! ओ खाला, इधर आव! मावशे, तू न्हाई का बसायलीस? चल, चढ!” म्हातारी बसली की रुमाल काढून घ्यायचे. कुणी आशीर्वाद द्यायला लागलं तर म्हणायचे, “ते राहू द्या. फुडल्या टायमाला तुमी दुसऱ्यासाठी धरा.”

त्यांच्या रुमालावर बसायची कुणाची टाप नव्हती. एकदा एक धष्टपुष्ट तरुण बसला. मामांनी गळ्यातला टेप काढला, त्याच्या दंडाचं माप घेतलं, मग छातीचं घेतलं आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, “एवढं धूड देवानं दिलंय, ते उभारायला दिलंय का बसायला?” तो पोरगा उठला तो भालकी येईपर्यंत बसला नाही म्हणतात. भालकीचं मामांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या दिवशी ते स्वतःही खाली उतरायचे विसरले आणि त्याच गाडीने भालकीला गेले. दुपारी परत आले ते तिकडच्या स्टँडवर तीन बायकांना जागा धरून देऊनच. इकडे दुकानात एक नवरदेव अर्ध्या शिवलेल्या कोटात तोवर उभाच होता.

गल्लीतल्या बायकांची मात्र एक तक्रार होती. आई ती तोंडावर करायची. “अण्णा, आमचे ब्लाऊज तंग व्हायलेत आन् तुमचे रुमाल मोठे व्हायलेत.” मामा गंभीरपणे सांगायचे, “अक्का, कापड तेवढंच हाय. तुमीच अंगानं भरायलाव.” पण आमच्या गल्लीतल्या एका बाईने आपल्या पोपटी ब्लाऊजचं कापड बसवकल्याणच्या गाडीत, तिसऱ्या सीटवर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मामा ख्रिस्ती. आजोबांच्या काळापासूनचे. शास्त्रात सांगितलंय की देवावर प्रेम करा आणि शेजाऱ्यावर करा, आणि मामांनी त्यातलं दुसरं कलम स्टँडवर पाळायचं असं ठरवून टाकलं होतं. त्यापायी पहिल्या कलमाला उशीर व्हायचा. रविवारी उपासना निम्मी झाल्यावर ते चर्चमध्ये शिरायचे, खिशातले रुमाल सावरत. पास्टरांनी एकदा टोकलं, तर म्हणाले, “देव काय हितंच हाय, पास्टर. उदगीरची गाडी निघून जायलीती.”

रोज दिवेलागणीला ते घरात गुडघे टेकून प्रार्थना करायचे, मोठ्याने आणि मराठीत. भिंत पातळ असल्याने ती प्रार्थना आम्हाला तोंडपाठ. त्यात देवाची स्तुती थोडी आणि कामं फार. स्टँडवरच्या कंट्रोलरच्या पोटदुखीला उतार दे. पास्टरांच्या गुडघ्यांना बळ दे. उदगीरला दिलेल्या माझ्या लेकीला सुखात ठेव. चिटगुप्प्याच्या त्या आंधळ्या म्हातारीला कुणीतरी हात धरून उतरवू दे. गल्लीतल्या लंगड्या कुत्रीलासुद्धा त्यात जागा होती. आणि सगळ्यात शेवटी, घसा खाकरून, एक ओळ यायची:

“आन् भिंतीपलीकडच्या माणसाचं तुझं तू बघून घे, देवा. मला न्हाई जमत. आमेन.”

हा भिंतीपलीकडचा माणूस म्हणजे आमचे अप्पा, माझे वडील.

दोघे एकेकाळचे जिवलग. अप्पांचं किराणा दुकान, मामांचं शिलाईचं. दुपारचा चहा दोघांत एक कप आणि एक बशी. मामांच्या अंगणात भिंतीला लागून एक शेवगा होता, मामींनी लावलेला. मामी लवकर गेल्या, शेवगा राहिला. मामा सकाळी त्याला पाणी घालताना त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, ते आम्ही भिंतीआडून ऐकलंय. त्या शेवग्यावर दरवर्षी सुरवंट व्हायचे आणि ते आमच्या पत्र्यावरून खाली, वाळत घातलेल्या मिरचीत पडायचे. मी दहावीत होते त्या वर्षी निम्मी मिरची वाया गेली. मामा लेकीकडे दोन दिवस गेले होते. अप्पांनी रागाच्या भरात माणूस लावून शेवगा बुंध्यापासून तोडला.

मामा परत आले. बुंध्यापाशी थोडा वेळ उभे राहिले आणि घरात गेले. भांडण नाही, शिवी नाही, काही नाही. त्या दिवसापासून अप्पांशी बोलणं तेवढं बंद झालं. आईशी बोलणं चालू, माझे कपडे शिवणं चालू. नाताळात लेक येऊन फराळाचं करायची. गल्लीत घरोघरी भरगच्च ताटं जायची, आमच्याकडेही यायचं, पण त्यात मोजून दोन करंज्या, दोन लाडू आणि दोन चकल्या. आम्ही घरात तिघं. अप्पा आईच्या वाटणीची करंजी उचलायचे, पूर्ण खायचे आणि म्हणायचे, “सारण कोरडं झालंय.”

आणि हेच अप्पा दिवेलागणीला टीव्हीचा आवाज बारीक करायचे. विचारलं तर म्हणायचे, डोकं दुखतंय. शेवटची ओळ कानावर आली की आवाज पुन्हा मोठा व्हायचा. बारा वर्षं हे चाललं. चूक आपली आहे हे अप्पांना पहिल्या दिवसापासून कळत होतं असं मला वाटतं. ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं, एवढंच.

मामांनाही त्याचा सल होता. एकदा मी ब्लाऊज आणायला गेले तेव्हा मशीन थांबवून मला म्हणाले, “पोरी, अख्ख्या तालुक्यावर माया करणं सोपं हाय ग. गाडी निघून जाते, माणूस निघून जातो. पर वर गेल्यावर मला बसचं कुणी विचारायचं न्हाई. भिंतीचं विचारतील.” मग पायडल मारायला लागले.

दोन वर्षांमागे अप्पांच्या दोन्ही किडन्यांनी दगा दिला. मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोनदा कलबुर्गीला डायलिसिससाठी जायचं. बायकांना तिकीट माफ झाल्यापासून गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. आम्ही सगळ्या आधार कार्ड घेऊन जग बघायला निघालोत. पहिल्या मंगळवारी मी अप्पांना घेऊन स्टँडवर गेले तर बिदरहून आलेली गाडी आधीच भरलेली. आम्ही कसेबसे चढलो. बघते तर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मामा बसलेले, गळ्यात टेप, आणि त्यांच्या शेजारी खिडकीजवळ एक रुमाल. भिंत पातळ असते ती दोन्ही बाजूंनी. आमच्या घरातलं सगळं त्यांना कळलं होतं.

मामा अप्पांकडे न बघता मला म्हणाले, “जागा धरलेली हाय.”

“अप्पा, बसा,” मी म्हटलं.

“त्याच्या रुमालावर मी बसत न्हाई,” अप्पा म्हणाले आणि वरचा दांडा धरून उभे राहिले.

कंडक्टरने शिट्टी मारली. आता मामांना उतरताही येईना, कारण ते उठले असते तर जागा गेली असती. गाडी निघाली. एका बाईने विचारलं, “काका, हितं कोण हाय?” मामा म्हणाले, “पेशंट हाय, अक्का.” बाईने इकडेतिकडे पाहिलं. “कुठाय पेशंट?” “उभारलाय,” मामा म्हणाले. सगळी गाडी हसली, अप्पा सोडून. मी दोघांनाही मनातल्या मनात खूप बोलून घेतलं.

कमलापूरच्या अलीकडे चढ लागला तेव्हा अप्पांनी दुसऱ्या हातानेही दांडा धरला. मी बघत होते, मामाही बघत होते. पुन्हा बसा म्हणायची माझी हिंमत होईना. मग मामा अचानक उठले आणि तेही दांडा धरून अप्पांच्या शेजारी उभे राहिले. आता अख्खी दोन माणसांची सीट रिकामी, तिच्यावर एक रुमाल, आणि तिच्यासमोर पासष्टीचे दोन म्हातारे गाडीच्या हिसक्यांनी एकमेकांवर आदळताहेत. दाटीवाटीने उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. कुणीही त्या सीटवर बसलं नाही.

“तू कामून उभारलास?” अप्पांनी विचारलं. बारा वर्षांतला पहिला प्रश्न.

“तू बसंस्तोवर मीबी बसत न्हाई.”

कमलापूर आलं, लाल केळीवाल्या बायका खिडकीशी येऊन ओरडायला लागल्या. त्या गलक्यात अप्पा म्हणाले, “शेवगा मी तोडायला नको हुता.”

मामांनी खाली मान घातली. “नकोच हुता तोडायला,” ते म्हणाले. “तिच्या हातचा हुता.”

“माहीत हाय. माहीत असून तोडला.”

मामांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. खिशात ढीगभर रुमाल असलेला माणूस बाहीने डोळे पुसत होता. “बस आता,” ते म्हणाले. “पाय कापायलेत तुझे.”

अप्पांनी वाकून रुमाल उचलला, टेकले आणि तो रुमाल उलटसुलट करून बघत राहिले. निळ्या रेघांचं कापड होतं.

“हे माझ्या सदऱ्याचं कापड हाय,” अप्पा म्हणाले. “भांडणाच्या आधी शिवला हुतास त्याचं. तवाच म्हटलं, सदरा आखूड कसा झाला!”

“कापड तेवढंच हुतं. तूच लांब झालास,” मामा म्हणाले आणि शेजारी बसले.

त्यानंतर दीड वर्ष मंगळवार-शुक्रवार मामा सोबत आले. कलबुर्गीला पोचेपर्यंत दोघे सारखे भांडायचे, खिडकीच्या जागेवरून, केळ्यावरून, चहातल्या साखरेवरून. अप्पांना पाणी मोजूनच प्यायचं होतं, तर मामाही दिवसभर तेवढंच प्यायचे. मी नको म्हटलं तर म्हणाले, “एकट्याला तहान लागली की ती जास्त लागते ग.” त्या वर्षी नाताळात ताटात तीन करंज्या आल्या. आणि दिवेलागणीची शेवटची ओळ बदलली: “आन् भिंतीपलीकडच्या माणसाला ने-आण करायला मला बळ दे.” पलीकडची यादी संपायच्या आत इकडून अप्पाच खणखणीत आवाजात ‘आमेन’ म्हणून मोकळे व्हायचे. त्यावर मामा भिंतीवर थाप मारायचे. “थांब की, अजून कुत्री राहिली हाय!”

यंदाच्या थंडीत मामा गेले. आजारी असे पडलेच नाहीत. सकाळी लेकीने फोन केला तो उचलला नाही, एवढंच. चर्चमध्ये खाकी कपड्यातले कंडक्टर, ड्रायव्हर, चिटगुप्प्याची ती आंधळी म्हातारी, सगळे आले होते. म्हातारीला जागा द्यायला एकदम सहाजण उठले. अप्पा घरी आले, जेवले नाहीत, शुक्रवारी माझ्याबरोबर गेले आणि तो निळा रुमाल शेजारच्या सीटवर ठेवून बसले. गाडीत गर्दी होती. मी त्यांना रुमाल उचला म्हणू शकले नाही. अर्ध्या वाटेत एक लेकुरवाळी बाई चढली तेव्हा अप्पांनी स्वतःच तो उचलला आणि तिला म्हणाले, “बस माय. धरलेली हाय.”

त्या दिवशी घरी आल्यावर दिवेलागणीला अप्पांनी सवयीने टीव्हीचा आवाज बारीक केला. पलीकडे काही नव्हतं. मला वाटलं, आता पुन्हा मोठा करतील. त्यांनी टीव्ही बंद केला आणि तोंड भिंतीकडे करून बसले. आमच्या घरात देव्हारा आहे, उदबत्ती आहे, गुडघे टेकायची रीत नाही. त्यामुळे ते मांडी घालूनच बसले. आणि एकेक करून सगळी यादी म्हटली. कंट्रोलरचं पोट, पास्टरांचे गुडघे, उदगीरची लेक, आंधळी म्हातारी, लंगडी कुत्री. एकही नाव सुटलं नाही. मग त्यांनी मामांसारखाच घसा खाकरला.

“आन् भिंतीपलीकडच्या माणसाचं तुझं तू बघून घे, देवा,” अप्पा म्हणाले. “मला न्हाई जमत.”

ते थांबले. पलीकडून उत्तर यायचं होतं, ते येणार नव्हतं. स्वयंपाकघरात आई पदराने डोळे पुसत होती. म्हणून मग मीच ‘आमेन’ म्हटलं.