वखारीतल्या शेवटच्या दोघी

आई उल्हासनगरात कोळशाच्या वखारीत कामाला होती. ट्रकमधून कोळशाचे मोठाले दगड यायचे. ते हातोड्याने मुठीएवढे फोडायचे, चाळायचे आणि गोणीत भरायचे. तिच्याबरोबर आमच्या अंबरनाथच्या चाळीतली एक बाई होती. मी तिला मावशी म्हणायचे. संध्याकाळी घरी आल्यावर दोघी आमच्या मोरीत एकमेकींची पाठ घासून द्यायच्या, कारण कोळसा पाठीच्या मधोमध बसतो आणि तिथे आपला हात पोचत नाही.

आधी वखारीत बऱ्याच बायका होत्या. मग चंद्रपूरकडच्या जुन्या खाणी बंद पडत गेल्या, माल कमी यायला लागला. इकडे कापड रंगवणाऱ्या डाईंगवाल्यांनी बॉयलर गॅसवर नेले. एकेक बाई कमी होत शेवटी आई आणि मावशी दोघीच उरल्या.

मला आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून वखारीत गेले. शेठ खुर्ची टाकून सावलीत बसले होते. शेठ कधी आवाज चढवून बोलत नसत.

"एकीलाच ठेवता येईल," ते दोघींना सांगत होते. "कोणाला ठेवू, तुम्हीच बोला."

मावशी म्हणाली, "अर्धा अर्धा दिवस द्या शेठ. आम्ही वाटून घेऊ."

"वाटून घ्यायला प्रसाद आहे काय?" शेठ हसले. त्यांनी हमालाला दोन सारखे ढीग करायला लावले. "जिचा आधी संपेल, ती उद्यापासून येईल."

मला वाटलं, दोघी हातोडे टाकून निघतील. दोघी खाली बसल्या.

ट्रकचे ड्रायव्हर जमले. कोण जिंकणार यावर त्यांनी चहाची पैज लावली. मावशीचा उजवा खांदा दुखरा होता, तरी सुरुवातीला तीच पुढे होती. मग तिच्या हातोड्याचा दांडा निसटला. तिने दोनदा ठोकून बसवला, दोनदा निघाला.

"अगं, तुझा तो दुसरा, छोटा हातोडा दे जरा," ती आईला म्हणाली.

आई मान वर न करता म्हणाली, "नाहीये माझ्याकडे."

तो तिच्या मांडीखालच्या गोणपाटाखाली होता. त्याचा दांडा बाहेर दिसत होता. मावशीने पाहिला, शेठनी पाहिला, मीही पाहिला. मी तो काढायला वाकले तसे शेठ म्हणाले, "तू हात लावलास तर तुझी आई आउट."

"बाजूला हो," आई मला म्हणाली.

मावशीने हातोड्याचं नुसतं लोखंड मुठीत धरून फोडायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तिचं बोट चेपलं. बोट पदरात गुंडाळून ती डाव्या हाताने फोडत राहिली, आईचा ढीग संपेपर्यंत. मग शेठ उठून आत गेले. आम्ही तिघी एकाच शेअर रिक्षाने परत आलो. डोळ्यांचा डॉक्टर राहूनच गेला.

पुढच्याच महिन्यात वखार बंद झाली. शेठनी आईला गेटवरच सांगितलं, "आज माल नाही. उद्या पण नाही." जागेचा सौदा दोघींनी ढीग फोडले त्या दिवसाच्या आधीच झाला होता, हे आम्हाला हमालाकडून नंतर कळलं.

मावशीला तोवर जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचं काम मिळालं होतं. आई तिथे विचारायला गेली, मला बरोबर घेऊन. सुपरवायझरने मावशीला हाक मारली. "मौसी, या बाईंना ओळखता?"

मावशीच्या हातात कात्री होती. चेपलेल्या बोटाला नख नव्हतं.

"ओळखते. कामाला चांगली आहे," ती म्हणाली. "पण हात बघून घ्या. पांढऱ्या मालाला डाग पडतील."

सुपरवायझरने आईचे तळवे उलटसुलट करून पाहिले. भेगांमधला काळेपणा साबणाने जाणारा नव्हता. रांगेतल्या पोरी हसल्या. मावशी हसली नाही, ती पुढची पँट घेऊन धागे कापायला लागली.

आता आई बदलापूरला, बेलवलीच्या बिल्डिंगींमध्ये भांडी घासते. दोघी अजून एकाच चाळीत राहतात, एकाच नळावर पाणी भरतात. गेल्या वर्षी मावशीचा नवरा वारला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला आई गेली. मी म्हटलं होतं नको जाऊस, शेवटी मीही बरोबर गेले. बुद्धवंदना झाली, जेवणं सुरू झाली. आई रांगेत बसली, पुढ्यात पत्रावळ आली. मावशीची सून भाताचं पातेलं घेऊन आमच्यापर्यंत पोचली तेव्हा मावशी दारातून शांतपणे म्हणाली, "त्यांना वाढू नकोस. त्या निघाल्यात."

आई निघाली नव्हती. तिने पत्रावळीवर शिंपडलेलं पाणी हाताने पुसलं आणि मग उठली.