रिकाम्या खुर्चीचा प्रश्न

काल आमच्या लकडगंजच्या ऑफिसात कूलर सुरू केला, आणि ओल्या वाळ्याच्या वासासरशी मला कॉलेजमधली एक दुपार आठवली.

पहिल्या नोकरीसाठी मुलाखतीचा सराव होता. सरांनी माझ्यासमोर रिकामी खुर्ची ठेवली. "हिच्यात साहेब बसले आहेत असं समज अन् बोल," म्हणाले आणि बाहेर गेले.

मी खुर्चीला नाव सांगितलं, गाव कन्हान सांगितलं. पुढचं पाठांतर विसरले आणि घाबरून घरची बोली तोंडात आली, "मले ही नोकरी पाहिजे."

"काहून वं?" खुर्चीतून आवाज आला. बाईचा, बसका, मायेचा.

वर्गात कोणीच नव्हतं. कूलर तेवढा घरघरत होता. तरी मी उत्तर दिलं, "मले माह्या पायावर उभं राहाचं हाय." त्यानंतर खऱ्या मुलाखतीची भीती वाटलीच नाही.

आता मुलाखती मीच घेते. काल समोरची मुलगी पाठ केलेलं विसरली आणि पुटपुटली, "मले ही नोकरी पाहिजे."

"काहून वं?" मी विचारलं, आणि दचकले. माझा आवाज इतका बसका कधी झाला?

मुलगी माझ्याकडे पाहत होती, रिकाम्या खुर्चीकडे पाहावं तशी.