आबांची शिकार आणि आईचं पातेलं

आमच्या घरी मटण आई शिजवायची आणि शिकार आबा भाजायचे. आबा, म्हणजे माझे वडील, ग्वाल्हेरच्या घोडदळात रिसालदार होते. रानडुक्कर मारून आणलं की बायकांनी त्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घराण्याचा रिवाज. माधवगंजातल्या आमच्या अंगणात निखारे पसरायचे, सळईत तुकडे ओवायचे आणि ज्याची गोळी आधी लागली त्यानं पहिला तुकडा आतून लाल असतानाच खायचा. गोळी बहुतेक आबांचीच लागायची. निदान ते तसं सांगायचे.

"जरा पकू द्यावं की," आई ओसरीवरून म्हणायची.

"गळेपर्यंत शिजवलेलं आजाऱ्यानं खावं, शिपायानं नाही," हे आबांचं ठरलेलं उत्तर. आईच्या रश्श्यालाही ते आजाऱ्याचं जेवणच म्हणत, आणि वर तीन वाट्या ओरपत.

एका पावसाळ्यात आबा वाळायला लागले. खायचे दोघांचं आणि दिसायचे अर्धे. पोटात कळा यायच्या, डगला अंगावर झुलायचा. दसऱ्याच्या सवारीत त्यांचा घोडा पुढच्या रांगेत असे. वरच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "दसऱ्यापर्यंत तबियत सुधारली नाही तर यंदा तुमची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, और फिर घरी बसायचा विचार करा." त्या दिवशी आबा जेवले नाहीत. सवारी गेली तर आबांचं उरेल काय?

आईनं दाणाओळीतल्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेले. त्यांनी तपासून सांगितलं, "रिसालदारसाहेब, पोटात जंत आहे. फितीसारखा चपटा आणि चांगला लांबलचक. डुकराच्या कच्च्या मांसातून गेलाय. यापुढे मटण पूरं पकवून खायचं, लाली बिलकुल राहता कामा नये."

"ज्यानं कधी वास घेतला नाही, तो मला मटण शिकवणार!" आबा भडकले. पण औषध घेतलं.

आधी उपास, मग हिरवट कडूजहर औषध, त्यावर जुलाब. डॉक्टरांचं एकच म्हणणं होतं, जंताचं डोकं बाहेर पडलेलं दिसलं पाहिजे. ते आत राहिलं तर जंत पुन्हा वाढणार, आणि असलं जालीम औषध लगेच परत देता येणार नाही. दसरा तर तोंडावर आलेला. बरं, ते डोकं केवढं, तर टाचणीच्या माथ्याएवढं.

शोधायचं कोणी? बाहेरच्या कुणाला सांगावं तर संध्याकाळच्या आत अख्ख्या रिसाल्यात बोंब. आईनं पदर खोचला, मलमलीचं फडकं घेतलं आणि परसात जाऊन बसली. मी घागरीनं पाणी ओतत होते, ती गाळत होती. आबा अंगणात येरझाऱ्या घालत सारखे विचारत, "डोकं मिळालं?" मला नाकही धरायचं होतं आणि हसूही दाबायचं होतं.

"गनीम बेरका आहे, धीर धरावा," आई मान वर न करता म्हणाली.

अखेर तिनं फडकं उन्हात धरलं. दोऱ्यासारख्या मानेच्या टोकाला एक ठिपका होता. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि खूश होऊन हसले. आबा परसाच्या दारात उभे राहून आईकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला त्या क्षणी दोघंही फार आवडली.

दसऱ्याला आबा पुढच्या रांगेतच होते. डगला आईनं आतून टाके घालून अंगाबरोबर बसवला होता. गर्दीतून आम्हाला पाहून त्यांनी मिशीला पीळ दिला.

थंडीत पुन्हा डुक्कर आलं. निखारे पेटले, भाऊबंद जमले, आणि रिवाजाप्रमाणे पहिला तुकडा आबांच्या पुढे आला. आबा सळई घेऊन उठले ते थेट स्वयंपाकघरात. तो तुकडा त्यांनी आईच्या उकळत्या पातेल्यात सोडला आणि चुलीपाशी पाट ओढून बसले.

"शिजलं की सांग," म्हणाले.

आईनं त्यांना मुद्दाम बराच वेळ बसवून ठेवलं.