सरकार पडलं त्या संध्याकाळची सभा

वहिनींच्या हातात इस्त्री आली की तोंडात राजकारण यायचंच. अर्थमंत्री बोलायला उभा राहिला की समोरच्या शर्टाची कॉलर अशी कडक व्हायची की घालणाऱ्याला मान वळवणं मुश्किल. गल्लीतल्या लोकांना हे पाठ झालं होतं. संसदेत गोंधळ माजला असेल त्या दिवशी माणसं मुद्दाम चांगले कपडे आणून टाकायची.

दुकान गल्लीच्या तोंडाशी. घोंगडी अंथरलेलं एक लांब टेबल, एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला वहिनी, आणि मधे फळीवर एक छोटा टीव्ही, तो दिवसभर बातम्या ओकत असायचा. वहिनी म्हणजे दादांची बायको. दादांना सगळी गल्ली दादा म्हणायची, म्हणून ह्या सगळ्यांच्या वहिनी, अगदी वयाने मोठ्या असलेल्यांच्यासुद्धा.

देशाच्या राजकारणावरून ह्या दोघांचं कधी म्हणजे कधीच वाजलं नाही. लग्नाआधी पहिल्यांदा भेटले तेव्हा घरच्यांनी त्यांना बोलायला म्हणून आतल्या खोलीत बसवलं, आणि बराच वेळ झाला तरी दोघं बाहेर येईनात. मोठी माणसं काळजीत पडली. आत डोकावून बघतात तर दोघं तावातावाने पंतप्रधानांचे वाभाडे काढत होते. तिथेच लग्न ठरलं म्हणायचं. तेव्हापासून दादांनी वाक्य सुरू करावं आणि वहिनींनी ते संपवावं, असाच संसार चालला होता.

भांडायला मग कोण? समोरचे चष्मेवाले. त्यांचं दुकान बरोबर तोंडासमोर आणि पक्ष बरोबर उलटा. गिऱ्हाईक नसलं की ते काउंटरवर कोपरं टेकवून इकडे आवाज द्यायचे.

"काय वहिनी, आमचं सरकार पडलं का आज तरी?"

"पडेल हो! तुम्ही फक्त खाली उभे राहू नका, डोक्यावर पडेल!"

असं चालायचं. शहराच्या कारभाराबद्दल मात्र वहिनींना काडीचा रस नव्हता. नगरपालिका म्हणजे गटारं, दिवे आणि कचऱ्याच्या गाड्या. त्यात मत काय असायचंय? मागच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दुकानात आला, तर वहिनींनी त्याला शेजारच्या देशाशी झालेल्या कराराबद्दल विचारलं. तो बिचारा नळाला मीटर बसवण्याचं सांगायला आला होता. घाम पुसत निघून गेला, आणि पडलासुद्धा. निवडून आली ती एक तरुण बाई. लोकांची गुडघेदुखी, पाठदुखी चोळून, व्यायाम शिकवून बरी करण्याचा तिचा व्यवसाय, आणि सगळीकडे सायकलवर फिरायची. तिने आल्या आल्या एक खूळ काढलं: ही गल्ली गाड्यांना बंद करायची. इथून मंडईपर्यंत फक्त पायी चालायचं.

"पोरकट आहे," वहिनी म्हणाल्या आणि चॅनेल बदललं.

त्याच आठवड्यात ते घडलं. पलीकडच्या इमारतीतल्या एका घरी लग्न होतं. त्यांचे सगळे भारी कपडे इस्त्रीला आले होते. वहिनी ते दोन्ही हातांवर आडवे घेऊन, हनुवटीने दाबून, रस्ता ओलांडत होत्या. एवढ्यात एक स्कूटरवाला गाड्यांच्या मधून असा सुसाट घुसला की त्याचा आरसा वहिनींच्या कोपराला लागला. त्या कशाबशा सावरल्या, पण कपडे गेले. नवऱ्या मुलाचा पांढरा सदरा चिखलात, आणि त्यावरून मागच्या गाडीचं चाक. स्कूटरवाला वळून म्हणतो काय, "बघून चालता येत नाही?"

वहिनींच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. संसदेतल्या सगळ्या मंत्र्यांसाठी साठवलेले शब्द त्यांनी त्या एका माणसावर रिकामे केले. तो केव्हाच दिसेनासा झाला होता, तरी त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून बोलतच होत्या आणि मागे गाड्या भोंगे वाजवत होत्या. मग सदरा परत धुतला, वाळवला, परत इस्त्री केला. आणि इस्त्री फिरवता फिरवता वहिनी एकदम थांबल्या.

"त्या पोरीचं बरोबर आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेल्या, तर शटरवर हा भला मोठा कागद चिकटवलेला: रस्ता बंद करू नका, आमचं पोट मारू नका. वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो! हे कुठल्या गाढवाने लावलं?"

दादा मागून किल्ल्या घेऊन येत होते. "मी," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत ह्या माणसाचं एक मत असं नव्हतं जे त्यांना आधी ठाऊक नव्हतं.

"तुम्ही?"

"मग काय! लॉजवाल्याची गाडी रोज चादरी घेऊन दारात येते. उद्या रस्ता बंद झाला तर तो कोपऱ्यावर उतरून गठ्ठे डोक्यावर घेऊन येणार आहे का? जाईल दुसरीकडे."

"आणि काल माझा हात मोडला असता तर?"

"मोडला नाही ना!"

"म्हणजे मोडायची वाट बघायची?"

"अगं, गल्लीचा प्रश्न आहे हा, त्यात डोकं कशाला घालतेस? तूच म्हणतेस ना, गटारं आणि दिवे."

हे वहिनींना फार लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी कागदाचं एक टोक धरून ओढलं. दादांनी दुसरं टोक दाबून धरलं. कागद मधोमध फाटला. 'रस्ता बंद करू' एवढं शटरवर राहिलं आणि बाकीचं वहिनींच्या मुठीत. समोरून चष्मेवाले हे सगळं बघत होते. ते इतके हसले की स्वतःचाच चष्मा काढून पुसावा लागला.

त्यानंतर दोघं आपापल्या टोकाला एकमेकांकडे पाठ करून इस्त्री फिरवायला लागले. टीव्हीवर मात्र त्याच दिवसांत जाळ पेटला होता. सरकारमधला एक छोटा पक्ष फुटून बाहेर पडला होता, आणि अविश्वासाच्या ठरावावर मतदान ठरलं होतं. इतर वेळी दादा-वहिनींनी ह्या बातमीवर जेवणखाण सोडलं असतं. आता दादा आपल्या टोकाला पुटपुटायचे, "वाचत नाही हे आता," आणि वहिनी त्यांच्याकडे न बघता टीव्हीला उत्तर द्यायच्या, "पाच-सहा मतं कमी पडतायत, नक्की."

आणि मग कळलं की मतदान गुरुवारी संध्याकाळी. रस्त्याबद्दल निर्णय घ्यायची गल्लीची सभाही नेमकी गुरुवारी संध्याकाळीच, शाळेच्या सभागृहात.

ज्या क्षणाची अर्धं आयुष्य वाट बघितली, तो टीव्हीवर येणार आणि आपण शाळेच्या बाकावर? बुधवारी दुपारी चष्मेवाले रस्ता ओलांडून दुकानात आले. असे ते कधीच येत नसत.

"वहिनी, उद्या येताय ना सभेला?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"अहो, मी तुमच्या बाजूचा आहे. रस्ता बंद झालाच पाहिजे! माझी गिऱ्हाइकं म्हातारी, त्यात डोळ्यांनी अधू. गाडी दिसेपर्यंत अंगावर आलेली असते. पण मला चार लोकांत बोलता येत नाही. तुम्ही बोललात तर बात वेगळी."

वहिनींनी इस्त्री उभी केली. ज्या माणसाशी एका वाक्यावर कधी पटलं नाही तो बाजूने, आणि ज्याच्याशी सगळ्यावर पटलं तो विरोधात! टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दादा चादरीची घडी घालत होते, तीच घडी पुन्हा पुन्हा.

"येते," वहिनी म्हणाल्या. "पण सरकार तुमचं पडणारच."

लेक बँकेतून लवकर घरी येणार होती. वहिनींनी तिला टीव्हीसमोर बसवलं आणि बजावलं, निकाल लागला की त्याच क्षणी फोन कर. जागचं हलायचं नाही.

सभागृह खचाखच भरलं होतं. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एका बाजूला रस्ता बंद हवा म्हणणारे, दुसऱ्या बाजूला नको म्हणणारे, आणि मधल्या मोकळ्या जागेत माईक. दादा पलीकडच्या पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. वहिनी अलीकडे, चष्मेवाल्यांच्या शेजारी. कुजबूज झाली, माना वळल्या. दादा-वहिनी समोरासमोर, हे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

दुकानदारांतला एक बोलला, दोन रहिवासी बोलले, मग नगरसेविका म्हणाली, "वहिनी, तुम्ही या."

माईक हातात आल्यावर वहिनींना पहिल्यांदा आपलाच आवाज मोठा होऊन ऐकू आला. सुरुवातीला त्या भलतीकडेच गेल्या. देशात काय चाललंय, लोकशाहीचं काय झालंय, मंत्री कसे उंटावरून शेळ्या हाकतात. लोक हसायला लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "वहिनी, आमची गल्ली राजधानीपासून लांब आहे!"

वहिनी लाल झाल्या. मग म्हणाल्या, "बरं. गल्लीचं बोलते. त्या दिवशी माझ्या हातातून लग्नाचे कपडे पडले, सगळ्यांनी पाहिलं. मी वर्षानुवर्षं इथे उभी राहून लांबच्या लोकांना शिव्या घालतेय, आणि माझ्या दारासमोरचा रस्ता मला धड ओलांडता येत नाही. समोरचे चष्मेवाले माझ्याशी भांडायलासुद्धा पलीकडूनच ओरडतात, का? इकडे यायची भीती वाटते म्हणून! आमचे हे म्हणतात लॉजची गाडी येणार नाही. खरं आहे. नाही येणार. नुकसान होईल थोडं. मी नाही म्हणत नाही. पण..."

आणि पदराला बांधलेला फोन वाजला.

सगळ्यांना ठाऊक होतं तो कशाचा फोन आहे. वहिनींनी एकदा नगरसेविकेकडे पाहिलं, एकदा फोनकडे. नगरसेविकेने हात जोडले आणि म्हणाली, "घ्या हो, लवकर घ्या! मलाही ऐकायचंय!"

वहिनींनी फोन सरळ माईकला लावला.

"आई!" लेकीचा आवाज सभागृहभर दणाणला. "आई, पडलं! सरकार पडलं! चार मतांनी!"

काय गोंधळ माजला म्हणून सांगू! अर्धे लोक बाकांवर चढले, अर्ध्यांनी कपाळाला हात लावले, आणि ह्यात रस्त्याची कुठली बाजू आणि देशाची कुठली बाजू ह्याचा काही मेळच राहिला नाही. चष्मेवाले मटकन खाली बसले. दादा ताडकन उठले. वहिनींनी माईक टाकला, तो घुंईऽऽ करून किंचाळला, आणि मधल्या मोकळ्या जागेत दोघांनी एकमेकांचे हात धरून चक्क उड्या मारल्या, पन्नाशी उलटलेल्या माणसांनी, भर सभेत.

"मी म्हटलं होतं!" दादा ओरडले.

"मीही म्हटलं होतं!" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "चार मतं हो! चार!"

लोक टाळ्या वाजवून हसत होते. मग वहिनींनी दादांचे हात सोडले, पदर खोचला, वाकून माईक उचलला आणि म्हणाल्या, "हं. तर हे माझे यजमान. देशाच्या बाबतीत शहाणे आहेत, रस्त्याच्या बाबतीत चुकतायत. का ते सांगते."

त्यानंतर त्या जे बोलल्या त्याला तोड नव्हती. हातचं काही राखलं नाही. लॉजचे गठ्ठे कोपऱ्यावरून हातगाडीने आणू, हातगाडी मी ओढीन, म्हणाल्या. "तू नको ओढूस!" दादा जागेवरून ओरडले, आणि पुन्हा हशा पिकला. ते उठून बोललेही, चांगलं बोलले. दुकान चालतं म्हणून गल्ली चालते, हे त्यांनी असं काही मांडलं की वहिनींच्या बाजूच्या दोघी-तिघींनी मान डोलावली. वहिनींना मनातून राग आला आणि अभिमानही वाटला.

हात वर करून मतं घेतली. मोजणाऱ्याचा घोटाळा झाला, पुन्हा मोजली. दादांचा हात विरोधात वर होता, अगदी ताठ. तरी रस्ता बंदच्या बाजूने ठराव झाला. चष्मेवाले, सरकार गेल्याच्या दुःखातही, वहिनींना म्हणाले, "जिंकलो बुवा एकदाचं काहीतरी."

घरी जाताना दादा चार पावलं पुढे चालत होते. कोपऱ्यावर थांबले. "तो फुटलेला पक्ष आता मंत्रिपदं मागणार बघ," ते म्हणाले. वहिनी भरभर चालत त्यांच्या बरोबरीला आल्या. "अर्थखातं मागतील. लिहून ठेवा." घरी पोचेपर्यंत दोघांनी अख्खं मंत्रिमंडळ बसवून टाकलं होतं. रस्त्याबद्दल चकार शब्द नाही.

महिन्याभरात गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले गेले. लॉजवाल्याने दोन आठवडे कळ काढली आणि खरोखरच दुसरी लाँड्री धरली. दादांनी ते वहिनींना बोलून दाखवलं, एकदा नाही, अनेकदा. वहिनींनी ते ऐकून घेतलं. पुढे पायी येणारी गिऱ्हाइकं वाढली. त्यातून लॉजचं नुकसान भरून निघालं की नाही, ह्यावर दोघांची मतं आजही वेगळी आहेत. नव्या सरकारने महिन्यातच दोघांची निराशा केली. त्यावर मात्र एकमत आहे.

वहिनी आता पालिकेची एक बैठक चुकवत नाहीत. आणि संध्याकाळी काम आटोपलं की चष्मेवाले आपली खुर्ची उचलून सरळ गल्लीच्या मधोमध आणून ठेवतात, वहिनी आपलं स्टूल आणतात, येणारे-जाणारे थांबतात, आणि असा काही वाद रंगतो की मंडईपर्यंत ऐकू जावा. दादा दुकानाच्या उंबऱ्यावर उभे राहून थोडा वेळ नाक मुरडतात. मग चष्मेवाल्यांनी काहीतरी अगदीच भयंकर विधान केलं की त्यांना राहवत नाही.

"अगं, सरक जरा," ते स्वतःची खुर्ची ओढत म्हणतात. "ह्यांना मी सांगतो."