नाल्याच्या गाळातला पालक

बाजारातली पालेभाजी अण्णा नाकाशी न्यायचे आणि ताट सरकवायचे. "गटारावरची हाय." आई गेल्यावर मी वडिलांना गावाहून शहरात, गारखेड्याला माझ्याकडे आणलं, तेव्हापासून हे रोजचंच. जन्मभर शेती केलेला माणूस माझ्या घरात भाकरीला तेल-चटणी लावून दोन घास खायचा आणि वाळत चालला होता. मला काळजी वाटायची आणि, खरं सांगते, रागही यायचा.

म्हणून अंगणातल्या फरशीवर विटांचे दोन वाफे बांधून घेतले, गुडघ्याच्या वर येतील असे उंच, त्यांना वाकायला नको म्हणून. राहिली माती. आमच्याकडे तळं आटलं की त्यातला गाळ शेतात नेऊन टाकतात. गाळ म्हटलं की आमची माणसं डोळे मिटून घेतात. मीही घेतला. कुठला, हे ट्रॅक्टरवाल्याला विचारलंसुद्धा नाही. अण्णांना मात्र ठोकून दिलं, "तळ्यातला आहे." पाणी घातल्यावर वास सुटला, तर तेच म्हणाले, "नवा गाळ हाय, वास यायचाच."

पालक उगवला. एका सकाळी तण काढताना हाताला शाम्पूच्या पुड्या लागल्या, मग केसांचा गुंता. तो ओढला तर मागून लेकराचं फुगलेलं डायपर आलं. मी तिथंच नळापाशी ओकले. ट्रॅक्टरवाल्याला फोन केला, तर तो निवांत म्हणाला, "तळ्याचा कुठून आणू, ताई? नाल्याचा हाय. पिकाला लई भारी."

भारी होताच. तळहाताएवढी पानं, तेल लावल्यासारखी चकचकीत. मी तिकडं बघायचंच टाळायचे. साबणानं कितीदा हात धुतले तरी शाळेत खडू धरताना नखांतून तो वास यायचा.

पण अण्णा सकाळपासून वाफ्यापाशी खुर्ची टाकून बसायला लागले होते. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी जपून ठेवायचे आणि तांब्यानं घालायचे. रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "लेकीनं तळ्याचा गाळ आणला." खरं काय ते सांगायचं मी रोज उद्यावर ढकलायचे. शेवटी ठरवलं, कीड लागली असं सांगून रविवारी सगळं उपटून टाकायचं. त्यांनाही कळायला नको आणि माझीही अब्रू राहील.

शुक्रवारी शाळेतून आले तर ओट्यावर शेजारच्या काकूंचा डबा. अण्णा हात धुऊन बसलेले.

"पहिला तोडा घरात खात नसतेत. सकाळीच शेजारी देऊन आलो. ती बाई डबा रिकामा कसा धाडंल? भाजी करून धाडली बघ. वाढ लवकर, भूक लागलीय."

भूक. कित्येक महिन्यांत हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांनी झाकण काढलं, भाकरी मोडली. मी त्यांच्या हातातला डबा हिसकावून घेतला आणि सगळं सांगून टाकलं.

वाटलं होतं, ते पालकाला शिव्या घालतील.

"तुला कधी कळलं?"

"पंधरा दिवस झाले."

"आन् त्या लोकांनी खाल्ली?"

बाजारातली भाजी बघून करायचे तसं तोंड त्यांनी माझ्याकडे बघून केलं आणि ताट सरकवलं.

"मला नंतर सांगितलं तरी चाललं असतं. आधी तिकडं जा."

भाजी कचऱ्यात ओतली, डबा घासला. रिकामा डबा परत करायचा नसतो, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. साखरेच्या बरणीपर्यंत हात गेला आणि माझीच मला शिसारी आली. रिकामाच डबा घेऊन शेजारची बेल वाजवली.

काकूंनी हसतच दार उघडलं. "आवडली ना अण्णांना? आमच्या नातीनं तर दोनदा मागून घेतली."